निवडणें

आमच्या भाषेंत 'निवडणें' हें क्रियापद मोठें फसवें आहे. सूप पुढें घेऊन बसलेली बाई तांदूळ निवडीत असते, तेव्हां ती वाईट तेवढें वेंचून टाकते. खडा, काडी, किडका दाणा बाहेर जातो आणि उरलें तें सर्व घरचें होतें. पण सभेनें अध्यक्ष निवडला असें आपण म्हणतों, तेव्हां एक तेवढा उचलला जातो आणि बाकीचे सारे जागच्या जागीं राहतात. पहिल्या निवडींत टाकलेलें थोडें आणि राखलेलें पुष्कळ. दुसरींत राखलेलें एक आणि सोडलेलें अगणित. एकाच शब्दाखालीं या दोन उलट क्रिया सुखानें नांदत असल्यामुळें, एक करीत असतां आपण दुसरीच करीत आहों असा समज करून घेणें मनुष्यास फार सोपें जातें. पिकांची सुधारणा करणारा शास्त्रज्ञ ज्या क्रियेस निवड म्हणतो ती या दुसऱ्या जातीची आहे. ती करण्याचा अधिकार कोणाचा, ती कोणत्या मापानें करावयाची, आणि जें सोडून दिलें त्याचें उत्तर कोणी द्यावयाचें, हा प्रश्न आम्हांस कोणा पंडितानें घातला नाहीं. तो धन्याच्या एका खोक्यानें घातला.

आम्ही कळंबोलीस राहतों. हें नांव ऐकतांच लोकांस लोखंड आठवतें, आणि तें योग्यच आहे. मुंबईंतील लोखंडाचा व्यापार शहराबाहेर न्यावा म्हणून सिडकोनें येथें मोठा पोलाद-बाजार वसविला. मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग येथूनच निघतो. सळ्या आणि पत्रे लादलेले ट्रक रात्रंदिवस वजनकाट्यावर चढत-उतरत असतात. येथें वस्तूचें मोल टनांत ठरतें, आणि एका प्रतीची सळई दुसरीसारखी हुबेहूब असणें हाच तिचा सद्गुण. अशा गांवांत, चौथ्या मजल्यावरच्या गॅलरींत, फळांच्या एका लांकडी खोक्यांत आम्ही दोन वर्षांपूर्वीं कार्तिकांत धने पेरले. बियाणें म्हणून मुद्दाम आणलेले नव्हेत; वाण्याकडून मसाल्यासाठीं आणलेल्या पावकिलोंतलेच मूठभर. लातूरकडच्या आमच्या आत्या त्या वेळीं घरीं राहावयास आल्या होत्या. त्यांनीं ते धने फरशीवर पसरून चपलेच्या तळानें हलकेच रगडले. आपण ज्यास धना म्हणतों तें वस्तुतः एक फळ असून त्याच्या दोन पाकळ्यांत दोन बिया असतात. न रगडतां पेरलें तर उगवण उशिरां व विरळ होते. हें आम्ही पुस्तकांत वाचलें होतें. आत्यांच्या तळव्यास तें ठाऊक होतें.

तीस-चाळीस रोपें आलीं. पुडी एक, माती एक, पाणी एका हातचें. तरीहि तीं एकसारखीं नव्हतीं. कांहीं रुंद पानांचीं, बसकीं, पानावर पान काढीत राहणारीं. कांहीं किरकोळ, देठाला जांभळट छटा असलेलीं. पांच-सहा तर अशीं उतावळीं कीं, इतरांस धड पानें फुटलीं नाहींत तोंच त्यांनीं उंच दांडा काढून छत्रीसारखा फुलोरा धरला. आम्हांस तें रोपांचें वांडपण वाटलें. स्वयंपाकास कोथिंबीर हवी असतां जीं रोपें फुलावयास धांवतात तीं काय कामाचीं, असें म्हणून आम्ही तीं उपटून टाकलीं, आणि 'निवड केली' म्हणून मनांत थोडा अभिमानहि धरला. आत्यांनीं कचऱ्याच्या टोपलींत डोकावून पाहिलें मात्र, आणि म्हणाल्या, "अरे, हें काय केलंस? पानाचं ठेवलंस आणि दाण्याचं फेकलंस. पाऊस लौकर गेला, जमीन तडकली, म्हणजे जें आधीं फुलतं तेंच पदरांत पडतं."

आम्ही कोथिंबिरीच्या बाजूनें बरोबर होतों, त्या धन्याच्या बाजूनें बरोबर होत्या. पण आमचें बरोबर असणें आणि त्यांचें बरोबर असणें यांत एक भेद होता. त्यांच्या मतानें वागलों असतों तर आमच्या मताकडे परत येतां आलें असतें. आमच्या मतानें वागल्यावर टोपलींतलीं रोपें पुनः मातींत लागणार नव्हतीं.

आतां शास्त्र या विषयीं काय सांगतें तें थोडक्यांत पाहूं. कोणत्याहि शेतांतील रोपांरोपांत जो फरक दिसतो त्याचे मूलतः दोन वांटे असतात. एक वांटा जमिनीचा, पाण्याचा, उन्हाचा. दुसरा रक्ताचा, म्हणजे बीजांतून उतरणारा. डोळ्यांस हे दोन वेगळे दिसत नाहींत. योहान्सन या डेन्मार्कच्या शास्त्रज्ञानें १९०३ सालीं घेवड्यावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतःच्याच परागानें फळणाऱ्या एकाच रोपाच्या वंशांतले जड दाणे एकीकडे आणि हलके दाणे दुसरीकडे पेरले, तरी दोहोंच्या संततीचें सरासरी वजन सारखेंच भरलें. तो फरक मातीचा होता, वंशाचा नव्हता. म्हणून तेथें निवड करणाऱ्याचे सर्व श्रम वांयां गेले. निवडीस फळ येतें तें जेथें रक्तांतच विविधता आहे तेथेंच. या दोन वांट्यांचा हिशेब मांडण्याचें गणित पुढें तयार झालें, आणि तें आपल्याकडील कृषि-संशोधकांच्या हातीं देण्यांत दोन मराठी माणसांचा वांटा मोठा आहे. विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा शेतीच्या कार्यकर्त्यांसाठीं लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ सालीं निघाला. धने, जिरें, मेथी, बडीशेप यांच्या वाणांवर कृषि विद्यापीठांत जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत या जोडनांवाचा उल्लेख आजहि आढळतो.

असा प्रयोग पाहण्यासारखा असतो. ठिकठिकाणांहून जमविलेले पन्नास-साठ नमुने छोट्या वाफ्यांत, पुनः पुनः निरनिराळ्या जागीं पेरतात. मग प्रत्येकाची उंची, फांद्या, फुलोरा येण्यास लागलेले दिवस, एका रोपावरचे फुलोरे, एका फुलोऱ्यांतले दाणे, हजार दाण्यांचें वजन, आणि शेवटीं उतारा, असें सर्व मोजतात. जो गुण पुष्कळ बदलतो आणि ज्याचा बदल बव्हंशीं रक्तांतून येतो, त्यावर निवडीचा हात चालतो. उतारा हा स्वतः फार चंचल गुण आहे. जमीन व हवा त्यास ओढीत असतात. म्हणून शहाणा संशोधक फुलोऱ्यांची संख्या किंवा दाण्यांचें वजन अशा स्थिर गुणांच्या आडून त्याला गांठतो. यांत बुद्धीचें काम आहे, चिकाटीचें आहे, आणि या कामानें अनेक शेतकऱ्यांच्या घरीं दोन पैसे अधिक गेले आहेत, हें आम्ही मनःपूर्वक मान्य करतों.

पण या सर्व हिशेबांत विविधता हें भांडवल आहे आणि निवड हा त्यांतला खर्च आहे. एका कळपांतून जितकी कडक निवड करावी तितका पुढच्या निवडीस वाव कमी. आणि सुधारलेला वाण जितका चांगला ठरेल तितका तो अधिक शेतांत जातो. म्हणजे ज्या जुन्या मिसळ बियाण्यांतून तो निघाला, त्याचीच जागा तो घेतो. धनी तोच, आणि त्याच्याच घरीं त्याचा शेवटचा बैल विकला जावा, असें कांहींसें हें आहे. यांत कोणाची दुष्टता नाहीं. प्रत्येक जण आपापल्या जागीं शहाणपणानेंच वागतो. एकेकट्या शहाणपणाची बेरीज मूर्खपणांत कशी होते, याचीं उदाहरणें जगांत पुष्कळ आहेत. हें त्यांतलें एक.

बरें, उतारा हा शब्दहि दिसतो तितका निरपराध नाहीं. धना कोणी पोट भरण्यासाठीं खात नाहीं. तो वासासाठीं खातात. तो वास दाण्यांतील उडून जाणाऱ्या तेलाचा, आणि त्या तेलाचा मोठा भाग लिनॅलूल नांवाच्या द्रव्याचा. वनस्पतिशास्त्रज्ञ धन्याचे ठोकळ मानानें दोन गट करतात. एक मोठ्या दाण्याचा, ३ ते ५ मिलिमीटरांचा, उष्ण देशांतला; दुसरा बारीक दाण्याचा, दीड ते ३ मिलिमीटरांचा, थंड हवेंतला. पहिल्यांत तेल शेंकडा ०.१ ते ०.३५, दुसऱ्यांत ०.८ ते १.८. आपला धना बहुतेक पहिल्या गटांतला. मोठा दाणा म्हणजे कमी वास असा अटळ नियम नाहीं. दोन्ही गुण एकत्र शोधतां येतात. पण जो गुण आपण मोजीतच नाहीं तो आपण राखूं शकत नाहीं. तो राहिला तर योगायोगानें राहतो. वाशीच्या मसाला बाजारांत व्यापारी चार धने तळहातावर चुरडून नाकाशीं नेतो खरा, पण पैसे मोजतो ते किलोचे. मग शेतकऱ्यानें वास पिकवावा कशासाठीं? आणि आपण गृहस्थ मंडळी, 'पूर्वींच्या धन्याला काय वास होता!' असें जेवतांना हळहळून पुढच्या महिन्यांत टपोरा, हिरवागार आणि चार रुपयांनीं स्वस्त तोच धना घरीं आणतों. आमच्या मतें हा तक्रारीचा नव्हे, आत्मपरीक्षणाचा विषय आहे. कळंबोलीच्या वजनकाट्यावर लोखंड तोलावें हें ठीक. तोच काटा आम्ही स्वयंपाकघरांत आणून ठेविला आहे.

वास गेला तर जेवण बेचव होतें, एवढेंच. परंतु विविधता गेल्यानें याहून गंभीर गोष्टी घडतात. जिऱ्याचेंच पाहा. जिरें हें अत्यंत नाजूक पीक. ढगाळ हवा आली कीं शेतकऱ्याचा जीव टांगणीस लागतो. १९३८ सालीं, गुजरात जेव्हां मुंबई इलाख्यांत मोडत असे, तेव्हां त्या इलाख्याच्या कृषि खात्यांतील उप्पल, पटेल आणि कामत या तिघांनीं जिऱ्यावरील करप्याच्या बुरशीचें शास्त्रीय वर्णन करून तिला नांव दिलें. ज्या रोगाला नांव मिळालें त्याला औषधहि मिळालें असें होत नाहीं. करपा आजहि जिऱ्याचा वैरी आहे. दुसरा वैरी मर रोग. तो मुळांतून शिरतो आणि उभें रोप वाळवितो. या मरीस बऱ्याच अंशीं दाद न देणारा 'गुजरात जिरें ४' हा वाण उत्तर गुजरातेंतील जगुदणच्या केंद्रांत तयार झाला, आणि गुजरात-राजस्थानांतील जिऱ्याच्या फार मोठ्या क्षेत्रावर आज तोच एक वाण पसरला आहे. धन्याच्या खोडावर गांठी आणणाऱ्या रोगापुढें टिकणारा राजस्थानांतील जोबनेरचा आर.सी.आर. ४१ हा वाण दाण्यानें लहान आहे. केवळ दाण्याचा आकार पाहून कोणी निवड केली असती, तर असलीं रोपें पहिल्याच वर्षीं टोपलींत गेलीं असतीं.

रोगास तोंड देण्याचा गुण हुकमासरशीं निर्माण करतां येत नाहीं. किरणांचा मारा करून बीजांत नवे फेर घडवितां येतात, पण ते आंधळे असतात. बहुधा हा गुण असलेल्या विविधतेंतच कोठें तरी सांपडावा लागतो. एकाच वाणाखालीं अफाट क्षेत्र असणें किती धोक्याचें आहे हें १९७० सालीं अमेरिकेनें पाहिलें. तेथील मक्याचे बहुतेक संकर वाण एकाच मातृवंशावर बेतलेले होते, एका बुरशीस तेवढें दार उघडें मिळालें, आणि त्या वर्षीं सुमारें शेंकडा १५ पीक गेलें. ती अमेरिका होती; तिनें तें सोसलें. आमच्याकडचा दोन एकर जिऱ्याचा मालक तें कसें सोसणार?

येथवर आल्यावर कोणी सहृदय वाचक म्हणेल कीं, मग शेतकऱ्यांनीं जुनें गांवठी बियाणें सोडूं नये, हेंच खरें. आम्हांस हें मान्य नाहीं. चौथ्या मजल्यावर खोक्यांत कोथिंबीर लावणाऱ्यानें, ज्याचें कर्ज धन्याच्या उताऱ्यावर फिटावयाचें आहे त्याला, 'तूं कमी पिकव, पण आमचा ठेवा राख' असें सांगणें हा उपदेश नव्हे, उद्धटपणा आहे. विविधतेचा लाभ सर्वांस, पुढील पिढ्यांस, औषधांच्या व मसाल्यांच्या कारखानदारांस, आणि तिच्या रक्षणाचा भुर्दंड मात्र कोरडवाहू शेतकऱ्यास, हा कोणत्या नीतीचा न्याय? त्यानें नवा वाण पेरावा. त्याला तो अधिकार आहे. प्रश्न त्याच्या कर्तव्याचा नाहीं. त्याच्या पूर्वजांनीं निवडीत निवडीत जें जमविलें त्यावर जे आज जगतात त्यांच्या कर्तव्याचा आहे. त्यांत आम्हीहि आलों.

आणि आम्ही तर अगदीं जवळून आलों. आमची ही इमारत जेथें उभी आहे त्या पनवेलच्या खाडीकांठीं पूर्वीं खाजणांची भातशेती होती. भरतीचें पाणी बांध फोडून शेतांत शिरे. मातींत मीठ बसे. त्या मिठांत जगणारें भात येथल्या शेतकऱ्यांनीं पिढ्यान्‌पिढ्या राखून ठेविलें होतें. पनवेलच्या खारभूमि संशोधन केंद्राचें काम याच जमिनींचें. कोंकणांतल्या या खाऱ्या भातांतून निवडलेले 'काळा राता १-२४' आणि 'भुरा राता ४-१०' हे वाण खारटपणास टिकणारे म्हणून शास्त्रीय वाङ्मयांत नोंदले गेले. या नांवांमागचे आंकडे आम्हांस मोठे बोलके वाटतात. आंकडा आला म्हणजे तो मिळालेल्यांची नोंदवही आली. आणि नोंदवही आली म्हणजे आंकडा न मिळालेलीं रोपेंहि आलीं. त्या रोपांत काय होतें हें आतां कोणास विचारावें? जीं शेतें त्यांस वाढवीत होतीं त्यांवर आम्ही राहतों. खाजणांतला भात राखणाऱ्यांस त्यांच्या जमिनीचा मोबदला मिळाला असेल. त्यांच्या बियाण्याचा मोबदला कोणी विचारलाहि नाहीं, कारण बियाणें हें कोणाचें असतें ही कल्पनाच तेव्हां आमच्या कायद्यास नव्हती.

ती कल्पना २००१ च्या कायद्यानें आली. पिकांचे वाण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांचें संरक्षण करणाऱ्या त्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या पिकाचें बीज राखण्याचा, पुनः पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि, छापाच्या पिशवीखेरीज, विकण्याचाहि हक्क दिला. आणि ज्यांच्या बियाण्यांतून नवा वाण निघाला त्यांस लाभाचा वांटा मिळावा म्हणून एक राष्ट्रीय निधीहि ठेविला. तत्त्व उत्तम आहे. परंतु मिसळ धन्याचा बाप कोण? कीटकांच्या पायांवरून पराग हिंडतो; एका गांवच्या रोपांत पलीकडच्या गांवचें रक्त येतें. लाभाचा वांटा देतांना नांव-गांव लागतें, आणि ज्यांनीं खरें काम केलें त्यांनीं नांव मागें ठेविलेलें नाहीं. म्हणून हें ऋण कोणा एका धनकोस फेडतां येण्याजोगें नाहीं. कदाचित्‌ पितृऋणाप्रमाणें तें पुढच्यांस देऊनच फेडावें लागेल.

देण्याचे मार्ग दोन दिसतात. एक थंड कोठारांचा. दिल्लीच्या राष्ट्रीय बीजसंग्रहांत आणि अजमेरजवळील तबीजी येथें २००० सालीं निघालेल्या बीजमसाला संशोधन केंद्रांत नमुने जपलेले आहेत. अशा कोठाराची किंमत कांहीं माणसांनीं किती मोजली हें लेनिनग्राडच्या वेढ्यांत जगानें पाहिलें. १९४१ ते १९४४ या काळांत तेथील बीजसंग्रहाचे कित्येक राखणदार भुकेनें मेले, भोंवतीं तांदूळ, गहूं, शेंगदाणे भरलेले असतां. आणि तो संग्रह उभारणारे वाविलोव्ह त्याच काळांत, १९४३ सालीं, साराटोव्हच्या तुरुंगांत वारले. त्या माणसांपुढें आमची मान लवते. पण कोठारांतलें बीज झोंपलेलें असतें. शेतांतली करप्याची बुरशी दर वर्षीं नवें शिकते. कोठारांतला दाणा ज्या वर्षीं आंत गेला त्याच वर्षांत राहतो. म्हणून दुसरा मार्ग, शेतांतच जिवंत ठेवण्याचा. अकोले तालुक्यांतील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनीं गांवठी बियाणीं जमवून, पेरून, वांटून तो दाखविला, आणि २०२० सालीं सरकारनें त्यांस पद्मश्री दिली. सन्मान योग्यच झाला. मात्र एका बाईच्या उत्साहावर एका देशाचा ठेवा टांगून आपण टाळ्या वाजवूं लागलों, तर तो सन्मान आपल्या जबाबदारीची पावती होण्याऐवजीं तिची सुटकाच ठरेल. शेतांतल्या कोपऱ्यांत चार गुंठे मिसळ धने राखणाऱ्यास त्या चार गुंठ्यांची तूट कोणी तरी रोख भरून दिली पाहिजे, आणि ती धने खाणाऱ्यांनीं भरावी, हें सांगण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. किलोमागें थोडे पैसे अधिक पडतील. आम्ही ते देऊं का, हें मात्र आम्ही स्वतःविषयींहि छातीठोकपणें सांगूं शकत नाहीं. गेल्या महिन्याचा आमचा स्वतःचा धना टपोरा होता.

यंदा दसऱ्यानंतर गांवाकडून येणाऱ्या एका नातलगाबरोबर आत्यांनीं जुन्या लुगड्याच्या फडक्यांत बांधलेली एक पुरचुंडी पाठविली. बरोबर चिठ्ठी होती: "धने निवडून पाठवले आहेत." आम्ही क्षणभर दचकलों. त्यांनींहि निवडले? कोणते ठेवले, आणि कोणते सोडले? गांठ सोडून धने ताटांत पसरले. त्यांत टपोरे होते, बारीक होते, गोल होते, लांबट होते, पिवळट आणि काळसर होते. कांहींना चुरडतांच वास येई, कांहींना येत नसे. खडा मात्र एकहि नव्हता.